गिटारला दोन माइक

डोंबिवली पूर्वेत कुणाच्या कार्यक्रमाला साउंड हवा असला की माणसं दोन गोष्टी विचारतात. घाडी मोकळा आहे का, आणि त्याची बायको येणार आहे ना? दुसऱ्या प्रश्नावर सगळे हसतात. विश्राम घाडीही हसायचा. पण लगेच विषय बदलायचा, कारण गंमत म्हणून विचारलेला तो प्रश्नच खरा होता आणि हे त्या नवराबायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

विश्रामचा डावा कान चार वर्षांपूर्वी गेला. ठार गेला. एका सकाळी उठला तर डावीकडे कुणी कापूस कोंबल्यासारखं झालेलं. मळ असेल म्हणाला. हेमाने लसूण घालून तेल कोमट केलं आणि तीन आठवडे रोज रात्री थेंब थेंब कानात सोडलं. चौथ्या आठवड्यात दोघं ठाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर काही करता आलं असतं. आता नस गेली. रिक्षात बसल्यावर विश्राम हेमाला एवढंच म्हणाला, "कुणाला बोलू नकोस." त्याचंही खरंच होतं म्हणा. आचाऱ्याची जीभ गेली हे कळल्यावर त्याला पंगत कोण देईल?

तेव्हापासून हेमा प्रत्येक कार्यक्रमाला यायची. आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरच्या टेबलाशी विश्रामच्या डाव्या हाताला खुर्ची टाकायची, मांडीवर लोकर घ्यायची आणि नातवंडांची टोपडी विणत बसायची. लोकांना वाटायचं, काय बाई प्रेम आहे या वयात. प्रेम होतंच, नाही असं नाही, पण टेबलाखाली हेमाच्या पायाचं काम चालू असायचं. डावीकडच्या स्पीकरमधून घरघर आली की नवऱ्याच्या पायावर एक टोला, आवाज कमी पडला की दोन. चार वर्षांत किती लग्नं, किती गणपती, किती व्याख्यानं झाली, कुणाला मागमूस लागला नाही.

विश्राम मूळचा सावंतवाडीकडचा, वाढला मात्र कल्याणजवळ मोहन्याला. वडील रेयॉनच्या कारखान्यात होते. कॉलनीच्या गणपतीत भोंगा कुठल्या खांबाला कुठल्या दिशेने बांधायचा यावर मोठी माणसं भांडायची आणि दहा वर्षांचा विश्राम खांबावर चढून मोकळा व्हायचा. पुढे एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन म्हणून लागला. रविवारी मित्राचा साउंड घेऊन हिंडायला लागला, मग रविवार पुरेना, मग नोकरी सोडली. गावच्या देवाच्या नावाने श्री रवळनाथ साउंड सर्व्हिस काढली. माणूस तिरसट. गायकाने माइकवर टिचक्या मारल्या की हा मिक्सरवरून ओरडायचा, "तो दरवाजा नाय, माइक आहे." पण हात सोन्याचा. शेवटच्या रांगेतल्या आजीला पण शब्दन् शब्द पोचवायचा.

आणि एक हट्ट. काही झालं तरी दोन्ही बाजूंच्या स्पीकरना एकच आवाज. डावीकडे जे, तेच उजवीकडे. याला कारण होतं. अठ्ठ्याण्णव साली कल्याणला एका मंडळाच्या ऑर्केस्ट्राला त्याला स्टिरिओची हुक्की आली. नवा मिक्सर घेतलेला, अंगात वारं शिरलेलं. द्वंद्वगीताला गायक डावीकडच्या स्पीकरला दिला, गायिका उजवीकडच्या. मिक्सरपाशी उभं राहून ऐकलं तर काय बहार. पण मांडव केवढा लांबरुंद. उजवीकडच्या निम्म्या लोकांना नुसती बाई ऐकू येत होती, तीही एकेक ओळ गाऊन मध्येच गप्प बसणारी. डावीकडच्यांना नुसता पुरुष. पहिल्या कडव्यानंतर अध्यक्ष स्वतः धावत आले आणि चारचौघांत विचारते झाले, "घाडी, अर्धं गाणं घरी विसरलात काय?" त्या दिवशी विश्रामने कानाला खडा लावला. दोन्ही बाजूंचे अँप्लिफायर एका वायरने एकमेकांना जोडून टाकले आणि त्या जोडावर काळी चिकटपट्टी गुंडाळली. पुढे मशीनं बदलली, वायर बदलल्या, पण जोड आणि पट्टी कायम. कान गेल्यावर तर त्या जोडाने त्याचा संसार तारला.

तर अशा माणसाच्या समोर यंदाच्या दिवाळी पहाटेच्या आदल्या दुपारी उर्वीच्या गिटारचा अँप, म्हणजे स्पीकरचा डबा, येऊन पडला.

दिवाळी पहाट अण्णांच्या मंडळाची. अण्णा म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर, वय चौऱ्याहत्तर, पांढरा झब्बा, आणि बोलणं असं की समोरच्याने आपोआप सरळ बसावं. एकोणीस वर्षं मैदानावरची पहाट विश्रामच्याच साउंडवर उजाडत आलेली. बाकी कामं विश्राम पोटासाठी करायचा, हे काम मनासाठी. नवे कपडे घातलेली, सुगंधी उटणं लावून आलेली हजारभर माणसं सकाळी सहाला गप्प बसून ऐकतात, त्यांच्यापर्यंत तंबोऱ्याचा पहिला झंकार आपण पोचवतो, याचा त्याला फार अभिमान. आणि याच कामाची त्याला सगळ्यात जास्त भीती. अण्णांना कळलं की एकोणीस वर्षं संपली, असं त्याने मनाशी पक्कं धरलेलं.

त्यात यंदा हेमा नव्हती. कळव्याला लेक पायल दुसऱ्या खेपेची बाळंत झालेली, तिची सासू गुडघ्यांनी अधू, त्यामुळे हेमा तिकडे. निघताना तिने बजावलेलं, "अहो, सगळं नेहमीसारखं ठेवा. जास्त शहाणपणा करू नका." विश्राम हो म्हणालेला. एकच आवाज दोन्हीकडे, मग कशाला लागतो डावा कान? एक दिवस निभेल.

नेहमीसारखं कुठलं राहायला. यंदा मंडळातल्या तरुण पोरांनी हट्ट धरून जुन्या भावगीतांना गिटारची साथ ठरवलेली. ठाण्याची उर्वी, तेवीस वर्षांची, सडपातळ पोरगी, टेम्पोतून अँप उतरवताना स्वतः एका बाजूने हात लावत होती. बुटक्या कपाटाएवढा तो अँप, समोर जाळी, जाळीमागे शेजारी शेजारी दोन स्पीकर.

"काका, याला दोन माइक लागतील," ती म्हणाली. "स्टिरिओ आहे."

विश्राम काही बोलायच्या आत अण्णांनीच उत्तर दिलं. "मुख्य गायिकेला एक माइक आणि साथीच्या गिटारला दोन? हे बरं दिसणार नाही. एकच लावा."

विश्रामला बरंच वाटलं. त्याने आखूड स्टँड काढला, एका स्पीकरच्या जाळीपासून चार बोटांवर माइक आणला, मधोमध न धरता जरासा कडेला वळवला म्हणजे आवाज कानात टोचत नाही, आणि मिक्सरवर जाऊन बसला. उर्वीने तार छेडली.

मैदानभर जे काही पसरलं ते ऐकून खुर्च्या मांडणारी पोरं वळून बघायला लागली. गिटार डगमगत होती. सूर धरायचा, सोडायचा, वर जायचा, खाली यायचा. हिंदकळत्या होडीत बसून वाजवल्यासारखं.

"बेसूर आहे," अण्णा म्हणाले.

उर्वीने सूर तपासला. बरोबर. पुन्हा तपासला. बरोबर. हार्मोनियमशी जुळवून बघितला, तरी बरोबर. "काका, इथे तर मस्त येतंय," ती अँपशेजारून म्हणाली. हार्मोनियमवाले स्टेजवरच होते, ते म्हणाले, इथे सुरेलच आहे. अण्णा वर चढले, अँपपाशी उभे राहिले, भुवया उंचावल्या आणि म्हणाले, हो, इथे ठीक आहे. खाली उतरले तर पुन्हा होडी. विश्रामने माइक बदलला, वायर बदलली, मिक्सरवरचं भोक बदललं. काही फरक नाही. पाऊण तास गेला. घोडं कुठे पेंड खातंय ते कुणाला कळेना.

"मग गिटारशिवाय करू," अण्णा शांतपणे म्हणाले. "एकोणीस वर्षं केलंच आहे."

उर्वीने मान खाली घातली. महिनाभर तिने तालमी केलेल्या, आणि तिच्या बोटांत दोष नव्हता हे विश्रामला दिसत होतं. त्याला भयंकर राग आला. माणसांचा नव्हे, त्या डब्याचा. तो तडक स्टेजवर गेला, अँपसमोर गुडघे टेकले आणि चांगला कान, उजवा, जाळीला लावला. डावीकडच्या स्पीकरला.

"वाजव."

गिटार सरळ. स्वच्छ, सरळ, देवळातल्या समईसारखी स्थिर. तो गुडघ्यांवर सरकला आणि तोच कान उजवीकडच्या स्पीकरला लावला, जिथे त्याचा माइक होता.

"वाजव परत."

गिटार डगमगत होती.

विश्राम पुन्हा डावीकडे सरकला. सरळ. उजवीकडे. डगमग. त्याला हसू फुटायला लागलं. एवढी शहाणी माणसं येऊन उभी राहून गेली, दोन्ही कानांनी दोन्ही स्पीकर एकदम ऐकून गेली आणि मस्त आहे म्हणाली. एकेक करून ऐकायचं कुणाला सुचलंच नाही, कारण कुणाला तशी गरज पडली नव्हती.

"अगं, हे दोन वेगळे आहेत," तो म्हणाला. "हा साधा वाजतोय आणि हा त्याला हलवून वाजवतोय."

"हो काका, कोरस चालू आहे ना," उर्वी म्हणाली आणि मग तिचाच हात कपाळावर गेला. "एक सरळ, एक हलणारा. दोघे हवेत मिसळले की दोन गिटारी वाजल्यासारखं भरून येतं. मला वाटलं तुम्हाला माहितीय."

"मला कोण सांगणार? मी लग्नातला माणूस," विश्राम म्हणाला. पण तो असा खुशीत आलेला की बोलणं तोंडातल्या तोंडात होतं आणि हात दुसरा माइक काढत होते. खाली उभ्या अण्णांना त्याने स्टेजवरूनच सुनावलं, "अण्णा, एकाच माइकने अर्धीच गिटार घेत होतो. दुसरा लागणार म्हणजे लागणार." आणि अण्णांनी, नवल म्हणजे, मान डोलावली.

दोन माइक लागले. दोन्हीचा आवाज नेहमीसारखा दोन्हीकडे गेला. होडी थांबली, गिटार सुरात आली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. विश्राम इथेच थांबला असता तर बिघडत काही नव्हतं. हेमाने हेच सांगितलेलं. पण उर्वी स्टेजवरून उतरून मैदानात मधोमध आली, आपली एक लांबवलेली तार लूपवर, म्हणजे मशीनने आपोआप पुन्हा पुन्हा, वाजत ठेवून तिने ऐकली आणि जरा नाक मुरडलं.

"काका, सुरात आहे, पण चपटं झालंय. मध्येमध्ये पोकळ होतंय. एक डावीकडे आणि एक उजवीकडे दिला ना, तर जमेल."

विश्रामच्या डोळ्यांपुढे कल्याणचे अध्यक्ष उभे राहिले. मग त्याने जाळीला कान लावून ऐकलेले ते दोन आवाज आठवले. एक सरळ, एक हलता. ते दोन्ही मैदानावर, हवेत, माणसांच्या डोक्यावर एकमेकांत मिसळले तर काय होईल? पस्तीस वर्षांत त्याला कुठल्या गोष्टीची अशी ओढ लागली नव्हती. हात शिवशिवायला लागले. तो अँप्लिफायरच्या मागे गेला, खिशातून ब्लेड काढलं आणि जोडावरची काळी पट्टी कापली. आतली तांब्याची टोकं निघाली. उजव्या बाजूला वेगळी वायर टाकली.

पट्टी कापली खरी, आणि मग तोंडचं पाणी पळालं. आता डावीकडचं आणि उजवीकडचं जुळवायचं कसं? त्याच्या दृष्टीने डावीकडे काही नव्हतंच. मिक्सरवर बसून त्याने मान इकडे वळवून बघितली, तिकडे वळवून बघितली, अख्खा खुर्चीसकट फिरून बघितलं. उर्वी पुन्हा स्टेजवर गेली होती, तिथून हे सगळं बघत होती. तिने वाजती तार बंद केली.

"काका, बरं वाटत नाहीये का?"

विश्राम उठला. मिक्सरवर दोन्ही माइकचा आवाज चढवलेला होता, तो तसाच ठेवून तो स्टेजवर गेला, अँपसमोर, दोन्ही माइकच्या मधोमध उकिडवा बसला, जणू स्टँड नीट करतोय. आणि हळू आवाजात म्हणाला, "तुला म्हणून सांगतो बाळा. माझा डावा कान गेलाय. चार वर्षं झाली. बायको शेजारी बसते म्हणून निभतंय, आज ती नाय. मला डावीकडचं काय कळत नाय. तूच खाली जाऊन ऐक आणि मला खूण कर. पण अण्णांना कळता कामा नये. त्यांना कळलं तर माझी पहाट गेली."

उर्वी त्याच्याकडे बघत होती ते डोळे फाडून. मग विश्रामलाही ऐकू आलं. समोरच्या इमारतीवर आपटून परत आलेलं, त्याच्याच आवाजात, खणखणीत, "माझी पहाट गेली."

ज्या माणसाने पस्तीस वर्षं गायकांना दम दिला की माइकपुढे बसून कुणाची उणीदुणी काढू नका, तो कधी चालू असेल सांगता येत नाही, त्या माणसाने स्वतः लावलेल्या दोन चालू माइकच्या मधोमध बसून आपलं गुपित मैदानाला ऐकवलं. डावीकडून आणि उजवीकडून. पोरं खुर्च्या धरून उभी. चहाची किटली घेऊन आलेला माणूस उभा. आणि समोर मधोमध, हातात कार्यक्रमाचा कागद धरून, अण्णा.

विश्रामला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. तो स्टेजवरून खाली आला, अण्णांच्या समोर उभा राहिला. "अण्णा, दुसरा कुणी बघा. मी मशीनं ठेवून जातो, तो चालवेल."

"दिवाळीच्या आदल्या दिवशी चार वाजता मला कोण मिळणार आहे?" अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा कोरा होता. "चार वर्षं तुम्ही मला फसवलंत, घाडी. त्याचं काय करायचं ते उद्या कार्यक्रम झाल्यावर ठरवू. आता मला सांगा, डावीकडे कुठे बसू?"

"म्हणजे?"

"डावीकडचं कुणीतरी ऐकायला हवं ना? दुसऱ्या कुणाच्या कानांवर माझा विश्वास नाही."

मग जे चालू झालं ते बघण्यासारखं होतं. अण्णा डावीकडच्या टोकाच्या खुर्चीवर ताठ बसले. विश्राम उजवीकडच्या टोकाला पळाला, ऐकलं, पळत मिक्सरवर आला. उजवीकडे नुसतीच डगमग येत होती, कल्याणची चूक पुन्हा. त्याने उजवीकडच्या माइकचं, आवाज डावी-उजवीकडे वळवायचं बटण पूर्ण टोकाला होतं ते मागे घेतलं, घड्याळातल्या दोनच्या काट्यावर. डावीकडचं दहाच्या काट्यावर. म्हणजे प्रत्येक बाजूला दोन्ही येणार, पण कमीजास्त. पुन्हा पळाला. अण्णांनी डावीकडून बोट खाली केलं, कमी करा. केलं. अण्णांनी तळहात सपाट धरला, बास. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस खुर्च्यांच्या रांगांमधून शर्टाच्या बाहीला घाम पुसत धावत होता आणि चौऱ्याहत्तरीचा माणूस गणित सोडवल्यासारखा डोळे मिटून ऐकत होता. उर्वी एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होती आणि हसत होती. साडेपाचला अण्णा उठले आणि घरी गेले.

विश्रामने हेमाला फोन लावला. "मी सांगून टाकलं."

"कुणाला?"

"सगळ्या मैदानाला."

पलीकडे बाळ रडत होतं, हेमाने आधी त्याला थोपटलं. मग ती म्हणाली, "बरं झालं. पाय दुखून यायचे माझे." आणि लगेच, "अण्णा काय म्हणाले?"

"उद्या ठरवतो म्हणाले."

सकाळी पाचला मैदानाभोवती कंदील लागलेले होते. विश्रामने मिक्सरला उदबत्ती ओवाळली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघणं टाळलं. माणसं यायला लागली. कोऱ्या साड्यांची सळसळ, अत्तर, लहान पोरांची दटावणी. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर पाहुणे बसले, मधली जागा अण्णांची, तीही रिकामी राहिली. विश्रामची नजर भिरभिरली. अण्णा डावीकडे, मागून तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसलेले होते, मंडळाच्या लोकांना काय वाटेल याची पर्वा न करता. सहाला तंबोरा वाजला आणि अण्णांनी तळहात सपाट धरला.

तीन गाणी नीट झाली. विश्रामचा जीव टांगणीला लागलेला, एक डोळा मिक्सरवर आणि एक अण्णांच्या हातावर. चौथ्या गाण्याच्या मध्यावर गायिका थांबली, तबला हलका झाला आणि गिटारचा तुकडा आला. उर्वीने पायाने कोरसचं बटण दाबलं.

आधी विश्रामला समोरच्या माणसांच्या माना दिसल्या. हजारेक माना एकदम वर झाल्या, कुठून येतंय हे शोधणाऱ्या. एका आजोबांनी तर वर आकाशाकडे बघितलं. काहीतरी होत होतं आणि ते सगळ्यांना ऐकू येत होतं. विश्रामला त्यातलं अर्धं. त्याच्याने राहवेना. आयुष्यात चालू कार्यक्रमात त्याने मिक्सर सोडला नव्हता. तो उठला.

खुर्च्यांच्या मागून तो उजवीकडच्या टोकाला गेला. तिथे गिटार हलत होती, पाण्यावरच्या उजेडासारखी, पण सुरात. मग त्याने उजवा कान स्टेजकडे केला आणि तसाच, मान तिरकी धरून, डावीकडे चालायला लागला. बघणाऱ्याला वाटलं असेल माणसाला चक्कर आलीय. पावलागणिक आवाज बदलत होता. हलणारी गिटार मागे पडत चालली, सरळ गिटार पुढे येत चालली, आणि मधोमध, दोन रांगांच्या मधल्या वाटेवर, दोन्ही एकमेकींत शिरल्या. इतकी मोठी, इतकी भरलेली गिटार त्याने एका कानानेच काय, दोन कान होते तेव्हाही ऐकली नव्हती. तो आणखी डावीकडे गेला, परत मध्ये आला. चार वर्षांनी त्याला डावीकडे काय चाललंय ते कळत होतं, फक्त तिथवर चालत जावं लागत होतं. त्याला रडू यायला लागलं आणि त्याने ते येऊ दिलं.

साडेआठला भैरवी झाली. माणसं फराळाच्या टेबलाकडे वळली. उर्वीभोवती पोरापोरींचा घोळका जमला. विश्राम मिक्सरपाशी वायरी गुंडाळत बसला, एकेक वेटोळं नेहमीपेक्षा सावकाश. अण्णा येणार हे त्याला माहीत होतं आणि ते येईपर्यंत त्याला वर बघायचं नव्हतं. एकोणीस वर्षं खूप झाली, तो मनाशी म्हणाला. आजची ऐकायला मिळाली हेच पुष्कळ.

वायरीचा शेवटचा वेढा संपला तरी कुणी आलं नाही. मग त्याच्या पाठीमागून एक पांढरा झब्बा सरकला, टेबलाला वळसा घालून त्याच्या उजव्या हाताला येऊन उभा राहिला.

"मी मघापासून तुमच्या डावीकडे उभा राहून बोलतोय," अण्णा म्हणाले. "माझी बाजू चुकली."

विश्राम उठायला लागला. अण्णांनी खांद्यावर हात ठेवून त्याला बसवला.

"तेच पुन्हा सांगतो. पुढच्या वर्षीची पहाट तुमच्याचकडे. हेमाताई आल्या तर उत्तम. नाही आल्या तर डावीकडे मी आहे. पण पुन्हा माझ्यापासून काही लपवायचं नाही. कबूल?"

विश्रामने बाहीने डोळे पुसले. अण्णा तिथेच, त्याच्या उजव्या बाजूला, तो बोलेपर्यंत उभे राहिले.